पारोशी झोप

लातूरच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये मी सलग तीन वर्षं रात्रपाळी करतोय. यंत्रांची मला लहानपणापासून हौस, पण या तीन वर्षांत माझ्या स्वतःच्या शरीराइतकं चमत्कारिक यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. मिलमधल्या मशीनचं काही बिघडलं तर ते आवाज करतं, दिवा लावतं, नाहीतर सरळ बंद पडतं. शरीर यातलं काहीच करत नाही. ते आपलं गुपचूप चालत राहतं आणि भलत्याच ठिकाणी गळतं.

माझं काम सॉर्टरवर आहे. तुरीची साल निघून डाळ झाली की ती या मशीनमध्ये वरून खाली पडते. आत कॅमेरे असतात. काळा किंवा डागी दाणा दिसला की हवेची एक बारीक फुंकर त्याला बाजूला उडवते. मशीननं काही सोडलं तर नाही हे बघायला मी दर अर्ध्या तासानं मूठभर डाळ निळ्या ताटात पसरतो आणि त्यावर वाकून बसतो. रात्री अकरा ते सकाळी सात. आम्ही दोनच ऑपरेटर आहोत. दुसऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला दिव्याच्या उजेडात ताटातलं नीट दिसेना. म्हणून दिवस त्याला आणि रात्र मला, असं काही न बोलताच कायमचं ठरून गेलं.

पहिला शोध लागला तो थंडीचा. पहाटे चार वाजता मला थंडी वाजायची. तीही मे महिन्यात. बाजूला हमाल बनियनवर घामाघूम झालेले आणि मी हाफ स्वेटर शोधतोय. आधी वाटलं ताप आहे. मग दोन-तीन आठवडे नीट लक्ष ठेवलं, तर थंडी रोज त्याच वेळेला यायची आणि सहा वाजता निघून जायची. दुसरा शोध डोळ्यांचा. जो दाणा रात्री दोन वाजता मला काळा दिसायचा तोच चार वाजता ‘चालतंय की’ असा दिसायचा. मी मुद्दाम तेच ताट झाकून ठेवून दोनदा तपासलं. दाणा तोच, ताट तेच, दिवा तोच. बदललेला फक्त मी होतो. मला या गोष्टीची भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मजा वाटली. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. हमालांना सांगितलं तर ते म्हणाले, “साहेब, झोपा जरा.”

पोटाचं प्रकरण वेगळंच. मिलच्या फाटकाबाहेर एक गाडा रात्रभर चालू असायचा. तीन वाजता अशी भूक लागायची की मिरची-भजी आणि वर कडक चहा घेतल्याशिवाय जीव थाऱ्यावर यायचा नाही. आणि पाच वाजता तेच घशाशी. वर्षभरात पट्ट्याला मोच्याकडून दोन भोकं पाडून घ्यावी लागली, तीही टोकाच्या बाजूला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, साखर उंबऱ्यावर येऊन बसलीय, आत घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

आता इथं घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही लिंगायत. माझी आई आमच्याबरोबरच राहते आणि तिचा एकच नियम आहे, पण तो घरात कायद्यासारखा चालतो. सकाळी आंघोळ करायची, भस्म लावायचं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. पारोशानं, म्हणजे बिनआंघोळीच्या माणसानं, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. त्यामुळं रात्री तीनच्या भज्यांचा मोठाच प्रश्न होता. बारानंतर तारीख बदलते, मग ही भजी आजची की कालची? मी बराच विचार करून स्वतःच निकाल देऊन टाकला की सूर्य उगवेपर्यंत कालचाच दिवस धरायचा. आईला अर्थातच हा निकाल कळवला नाही.

सकाळी साडेसातला घरी आलो की मी बादलीभर गार पाण्यानं आंघोळ करायचो, पूजा करायचो, उपीट किंवा पोहे खायचो, चहा घ्यायचो. बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, ती आठला स्कूटीवरून निघून जायची. साडेआठला मी लेकीला मोटरसायकलवर बसवून शाळेत सोडायचो, सव्वानऊला परत यायचो आणि मग झोपायचो. म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचो.

दिवसा झोपून बघितल्याशिवाय गावाचा आवाज काय असतो ते कळत नाही. साडेनऊला घंटागाडी स्वच्छतेचं गाणं लावून गल्लीत शिरायची. ती गेली की भंगारवाला. मग चादरीवाला. नळाला पाणी यायचा दिवस असला की सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू आणि प्रत्येक घरातून एकेक माणूस, “आलं का? तुमच्याकडं आलं का?” असं ओरडणारं. एकदा मी गंजीफ्रॉकवर बाहेर जाऊन घंटागाडीवाल्याशी भांडलो. तो बिचारा म्हणाला, “काका, गाणं बंद केलं तर माझी हजेरी कटते.” मी आत आलो आणि मग त्या भांडणामुळंच झोप आली नाही. माणूस मी मुळात चिडका नाही, पण त्या वर्षात मी चमचा पडल्याच्या आवाजावरूनही आईवर ओरडलेलो आहे. मग दुपारी तिच्याकडं बघायचीही लाज वाटायची.

मी घरातल्या सगळ्या जागा झोपून तपासल्या. पलंगावर दोन तास. जिन्याखाली सतरंजी टाकून अडीच. देवघराला खिडकी नव्हती, तिथं सगळ्यात चांगली झोप लागली असती, पण आईनं दारातूनच हाकललं. अडीच तासांच्या वर गाडी काही जाईना. बारा वाजता जाग यायची आणि मग दिवसभर डोक्यात भुसा भरल्यासारखं व्हायचं.

या सगळ्यात माझ्या मालकीचं असं एकच होतं, लेकीला शाळेत सोडण्याची ती वीस मिनिटं. ती तेव्हा तिसरीत होती. बायको संध्याकाळी सातला घरी यायची आणि मी नऊला जेवून दहाला निघायचो. घरातली माणसं मला येता-जाताच भेटायची. पण सकाळी लेक मागं बसून माझ्या पोटाला हाताची मिठी मारायची तेव्हा मला वाटायचं की मीही या दिवसाचा माणूस आहे.

आणि तिथंच ते झालं. औसा रोडला एक सरळ, मोकळा तुकडा आहे. तिथं एके दिवशी मला डुलकी लागली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी डांबर सोडून कडेच्या मातीत होती आणि समोर उसाच्या रसाचा बंद गाडा होता. ब्रेक मारला. गाडी हातभर अलीकडं थांबली. लेक म्हणाली, “काय झालं पप्पा?” मी म्हणालो, “खड्डा होता गं, चुकवला.” तिला सोडलं आणि परत येताना त्या गाड्याजवळ थांबून चाकांची खूण बघितली. मातीत वीस-पंचवीस पावलं लांब रेघ उमटली होती. तेवढा वेळ माझी लेक एका झोपलेल्या माणसाच्या मागं बसलेली होती.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायकोनं किल्ली काढून घेतली असती, आणि बरोबरच केलं असतं. मी मनाशी ठरवलं की आता दिवसाची झोप काहीही करून दुरुस्त करायची. झोप पुरी झाली की डुलकी कशाला लागेल?

आमच्या वरच्या खोलीत दोन मुली भाड्यानं राहायच्या. एक जळकोटकडची, एक उदगीरची. डॉक्टर व्हायला लातूरला क्लास लावलेला. सगळं लातूरच तसल्या मुलांनी भरलेलं असतं. त्या दोघी गच्चीवर फेऱ्या मारत जीवशास्त्र मोठ्यानं पाठ करायच्या. त्यांनाच मी विचारलं की दिवसा झोप का लागत नाही. दोघींना इतका आनंद झाला की एकीनं वहीच आणली. म्हणाली, “काका, मेंदूत डोळ्यांच्या मागच्या बाजूला एक बारीकशी जागा असते. डोळ्यांत उजेड गेला की ती सगळ्या अंगाला निरोप देते, दिवस झाला म्हणून. तुम्ही मिलमधून उन्हात येता. अंगाला वाटतं, उजाडलं. मग ते कसं झोपल?”

मी थक्क झालो. चारच्या थंडीचंही त्यांनी कारण सांगितलं. त्या वेळेला अंग आपली शेगडी बारीक करतं म्हणे. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी गंज गोलाईच्या बाजारात जाऊन एक मोठा, कानापर्यंत झाकणारा काळाकुट्ट चष्मा विकत घेतला. उजेड आत गेलाच नाही तर निरोप कोण देणार?

मिलच्या फाटकापासून चष्मा डोळ्यांवर चढायचा, तो आंघोळीला तेवढा उतरायचा आणि लेकीला सोडून परत येईपर्यंत पुन्हा डोळ्यांवर. गल्लीतली माणसं म्हणायची, “हिरो आला!” आई म्हणाली, “आंधळ्यासारखा काय फिरून राहिला?” पण झोप खरंच वाढली. अडीच तासांची सव्वातीन तास झाली. मला वाटलं, जिंकलो.

त्याच दिवसांत लेक प्रश्न विचारायला लागली.

आधी ती गाडीवर गप्पच बसायची. आता घराच्या फाटकापासून शाळेच्या फाटकापर्यंत थांबायची नाही. पप्पा, डाळीच्या दाण्याचे दोन तुकडे होतात, त्यातला डावा कुठला आणि उजवा कुठला? पप्पा, आपली सावली पुढं पळते, मग ती शाळेत आधी पोचती का? म्हैस दिवसभर पाण्यात बसली तर दूध पातळ होतं का? ट्रकच्या मागं हॉर्न द्या असं लिहितात, म्हणजे त्यांना आपणहून ऐकू येत नाही का? मुंगीला जिना किती मोठा वाटत असंल?

मी हरखून गेलो. आमच्या घरात कुणालाच कशाचं कुतूहल नाही. वडील म्हणायचे, जास्त चौकशा करू नको. आणि ही पोर बघा, बापावर गेलीय. मी मन लावून उत्तरं द्यायचो. नुसतं ‘हं’ म्हटलेलं तिला चालायचं नाही. पाठीवर बोट टोचायची आणि म्हणायची, “हं न्हाई. सांगा.” म्हशीचा प्रश्न तिनं एका आठवड्यात तीनदा विचारला. मी म्हणालो, “अगं, परवाच सांगितलं की.” ती म्हणाली, “परत सांगा.” मी हेही मिलमध्ये कौतुकानं सांगितलं, की एकदा कळलेल्यावरही समाधान मानत नाही, असली हुशार आहे. मला डाळीच्या ताटात एक डागी दाणा दिसतो, पण रोज पाठीवर टोचणारं बोट काय म्हणत होतं ते कळलं नाही.

दिवाळीनंतर दोन दिवस रजा काढून मी नांदेडला अक्काकडं गेलो. माझी मोठी बहीण तिथं एका दवाखान्यात नर्स आहे, आणि तिनं माझ्या कितीतरी पट जास्त रात्रपाळ्या केल्यात. एसटीत अहमदपूर येईपर्यंत बसल्याबसल्या झोपलो, तेवढीच कमाई. अक्कानं दारातच माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “पोट बघ. तीन वाजता खातोस ना?”

मी वही घेऊनच बसलो. मला वाटत होतं, इतक्या वर्षांच्या रात्रींमधून हिला काहीतरी गुपित सापडलं असणार. तिनं भाकरी थापता-थापता सांगितलं. रात्री एकच्या आत जेवून घ्यायचं, त्यानंतर फार तर मूठभर फुटाणे. चहा तीनच्या पुढं बंद. जमलं तर रात्री मधेच वीस मिनिटं डोळे मिटायचे, लाजायचं नाही. आणि घरी पोचलं की सरळ आडवं व्हायचं.

“आडवं व्हायचं म्हणजे? आंघोळ, पूजा?”

“उठल्यावर.”

“पारोशी झोपतीस तू?”

अक्का हसायला लागली. “लग्न झाल्यापासून झोपते. दुपारी उठायचं, मग आंघोळ, मग पूजा, मग जेवण. गार पाण्यानं आंघोळ केल्यावर, भस्म लावून, चहा-पोहे खाल्ल्यावर कुणाला झोप येते? तू रोज अंगाला सांगून राहिला की सकाळ झाली, आणि मग त्याच्यावर चिडून राहिला. आईला मात्र सांगू नको हां.”

म्हणजे वरच्या मुलींनी जो निरोप सांगितला होता तो मी चष्म्यानं डोळ्यांतून थांबवत होतो आणि बादली-बादलीनं अंगावर ओतून घेत होतो. इतकी सोपी गोष्ट मला सुचली नव्हती, कारण आंघोळीच्या आधी झोपता येतं हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मला वाटलं, बसच्या भाड्याचं सार्थक झालं.

निघताना अक्का म्हणाली, “आणखीन एक. इतकी वर्षं झाली, मी स्कूटी शिकले न्हाई. तुझे दाजी लई मागं लागले. कामून शिकले न्हाई सांग?”

“भीती वाटती तुला.”

“रात्रपाळी करून येणाऱ्यानं गाडी हातात घ्यायची न्हाई. हा एकच नियम खरा हाय, बाकीचे सगळे सोयीचे. रिक्षात बसायचं आणि डोकं दांडीला टेकवायचं.”

मी मान डोलावली. बसमध्ये वही उघडून तिनं सांगितलेलं सगळं पुन्हा लिहून काढलं. हे शेवटचं तेवढं लिहिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. लेक वरच्या मुलींकडं गेली होती. बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की आईशी काहीतरी वाजलंय.

“दोन दिवस मी सोडलं तिला शाळेत,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणता, गाडीवर लई बोलती. माझ्याशी एक शब्द न्हाई बोलली.”

“लाजत असंल.”

“आज मी विचारलं, पप्पाला इतके प्रश्न विचारतीस, मला एकबी न्हाई? तर काय म्हणाली म्हाईत हाय का?”

मी अजूनही हसतच होतो. लेकीचं कौतुक ऐकायला मिळणार म्हणून.

“म्हणाली, तू झोपत न्हाईस ना गाडीवर.”

मी खाली बसलो.

बायकोनं मग सगळं सांगितलं, जसं लेकीनं तिला सांगितलं होतं तसंच. खड्डा नव्हता. तिनं आरशात बघितलं होतं. गाडीच्या उजव्या आरशात तिला माझे डोळे दिसायचे आणि त्या दिवशी ते मिटलेले दिसले. तेव्हापासून ती रोज आरशात बघत बसायची. डोळे बारीक झाले की मिठी घट्ट करायची. मग मी काळा चष्मा आणला. चष्म्यातून डोळे दिसेनात. उघडे आहेत की मिटलेत, कळायला काही मार्गच राहिला नाही. म्हणून ती विचारायला लागली. उत्तर आलं म्हणजे जागे आहेत.

“मला कामून न्हाई सांगितलं तुम्ही?” बायकोनं विचारलं. ती रडत नव्हती, तिचा आवाज अगदी सपाट होता, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. ती वीस मिनिटं गेली असती म्हणून नाही सांगितलं, हे खरं उत्तर होतं आणि ते तोंडातून निघेना. माझी एवढीशी लेक, आठ वर्षांची, महिनोन्महिने रोज सकाळी दप्तर पाठीला लावून कामावर जात होती, आणि तिचं काम मी होतो. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटलेली नाही.

दुसऱ्या रात्री मी रिक्षानंच मिलला गेलो आणि सकाळी रिक्षानंच घरी आलो. साडेआठला लेक नेहमीसारखी गाडीजवळ येऊन उभी राहिली. मी तिला म्हणालो, आजपासून शेजारच्या मुलींबरोबर रिक्षानं जायचं, पप्पा सकाळी गाडी चालवणार नाहीत. मला वाटलं तिला सुटल्यासारखं होईल. तिचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “मी झोपू देत न्हाई ना तुम्हाला. मग कामून?” आणि मी काही बोलायच्या आत, “मी आणखीन प्रश्न विचारीन पप्पा. जास्त अवघड विचारीन.”

मी तिला जवळ घेतलं आणि तिथंच, फाटकात, भर गल्लीत रडलो. त्या दिवशी लवकर आलेल्या घंटागाडीवाल्यानंसुद्धा गाणं बारीक केलं.

आई हे सगळं दारातून बघत होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. रिक्षा गेल्यावर मी आत आलो, सवयीनं बादली नळाखाली लावली. आईनं नळ बंद केला.

“झोप,” ती म्हणाली.

“आंघोळ-पूजा?”

“उठल्यावर कर. शिवाला काय घड्याळ हाय व्हय? तुझी सकाळ तू उठशील तवा.” मग म्हणाली, “अक्काबी तसंच करती. मला काय कळत न्हाई व्हय?”

मी देवघराकडं पाहिलं. आईनं आधीच समया आणि चौरंग एका बाजूला सारून सतरंजी टाकलेली होती. खिडकी नसलेल्या त्या खोलीत मी पारोसा झोपलो. उठलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. जवळजवळ सहा तास. मी कितीतरी वेळ नुसता छताकडं बघत पडून राहिलो, की हे सगळे तास इतके दिवस होते कुठं.

तेव्हापासून माझा दिवस अडीचला उगवू लागला. आंघोळ, पूजा, जेवण, आणि चार वाजता लेकीला शाळेतून आणायला मी. सकाळची वीस मिनिटं गेली, दुपारची मिळाली. रात्री एकला डबा खाऊ लागलो, भज्यांचा गाडा सोडला. सगळंच काही सुधारलं नाही. साखर अजून उंबऱ्यावरच बसून आहे, चारची थंडी अजून येते आणि सुट्टीच्या दिवशी घरचे सगळे जागे असताना माझे डोळे मिटतात. दिवसपाळीसाठी मी मालकाच्या मागं लागलो आहे, बघू.

चष्मा मी कपाटाच्या मागं टाकला. पहिल्या दिवशी शाळेतून निघालो तेव्हा आरशात लेकीचे दोन डोळे माझ्यावर रोखलेले दिसले. दुसऱ्या दिवशीही. प्रश्न मात्र एकही नाही. मला चुकल्यासारखं व्हायचं. मला आता शंका यायला लागली की तिला खरोखरचं कुतूहल होतं का, की सगळी नुसती मेहनतच होती? एकदा मीच विचारलं, मुंगीला जिना केवढा वाटत असेल गं? ती म्हणाली, “मला काय माहीत,” आणि पुन्हा आरशात बघत बसली. तिची मिठी तशीच घट्ट. रोज चार वाजता मी तोंडावर पाणी मारून, डोळे टक्क उघडे ठेवून गाडी चालवायचो, आणि रोज ती माझी परीक्षा घ्यायची. असे चार-पाच आठवडे गेले असतील.

मग एका शनिवारी औसा रोडवर आरशात तिचे डोळे दिसेनात. मी आरसा जरा वाकवला. नुसतं आभाळ दिसलं. पोटावरचे हात सैल झाले होते, आणि पाठीच्या मधोमध, सदऱ्यावर, काहीतरी गरम-गरम आणि जड टेकलं होतं.

मी तिची दोन्ही मनगटं एका हातानं धरली, गाडी अगदी हळू कडेला घेतली, एका लिंबाच्या सावलीत इंजिन बंद केलं आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवून तसाच उभा राहिलो. हललो असतो तर ती उठली असती. पंधरा मिनिटं झाली असतील, वीस झाली असतील. एक सायकलवाला थांबला. वयानं बराच मोठा, डोक्याला रुमाल.

“काय झालं? पेट्रोल संपलं का?”

मी मानेनं मागं खुणावलं.

“मग उठवा की तिला,” तो म्हणाला. “असं कुठवर उभं राहता?”

“राहू द्या काका,” मी हळूच म्हणालो. “लई दिवसांची जागी हाय.”